श्यामसुंदरांची अरुंद होडी

कल्पना करा, तुम्ही चौसष्ट वर्षांचे आहात आणि सतत डुलणाऱ्या अरुंद कयाकमध्ये बसून लाटांवर वल्हं मारताय. उरणच्या कयाक शर्यतीत दोनदा शेवटून दुसरे आलेले, कामोठ्याचे श्यामसुंदर अशीच अरुंद, वेगवान होडी निवडायला आले होते. चालवून पाहिली, तेव्हा शांत खाडीत ती त्यांच्या जुन्या रुंद कयाकपेक्षा सुसाट पळाली. पण बाहेर लाटा लागल्यावर निम्मं बळ तोल सावरण्यातच गेलं, आणि तेवढंच अंतर कापायला जुनीपेक्षा दोन मिनिटं जास्त लागली.

"अहो, रुंदच बरी," काठावरून सुचित्राबाई म्हणाल्या. "मला मेडल नको, नवरा पाहिजे. तोही कोरडा!"

श्यामसुंदर हसले, पण अरुंद होडीवरचा हात काही निघेना. सरावाने तोल येतो, हे त्यांना ठाऊक होतं. पण या वयात तो येतो जास्त वेगाने, की जातो?