तोंडातल्या टाचण्या

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर कपडे सैल-घट्ट करून देणारी एक बाई आहे. सगळे तिला टाचणीबाई म्हणतात, तेही तिच्यादेखत. माप घेताना ती पाच-सहा टाचण्या ओठांत धरते. कपडा वेळेवर का झाला नाही, असं विचारा, टाचण्या ओठांत. नवरा गेला तेव्हा भेटायला आलेल्यांनाही तिने तसंच वाटेला लावलं. बाई धीराची, असं म्हणत लोक घरी गेले.

नवरा देवभोळा. सकाळी दुकान उघडलं की शिलाई मशीनवर हात ठेवून, डोळे मिटून दोन मिनिटं उभा राहायचा. तो गेल्यापासून आठ महिने ती दोन मिनिटं बंद होती.

मागच्या महिन्यात मी विजारीची कंबर वाढवून घ्यायला गेलो. वर्षातली तिसरी वेळ. बाईने मला स्टुलावर चढवलं आणि लांबीही बघायची म्हणून कंबरेपासून घोट्यापर्यंत टाचलं. हललो की टोचणार, अशी माझी अवस्था. नेमकी तेव्हाच तिची लेक आली. सोमवारी ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी जायची होती, आणि बाबांविषयी आईशी एकदा बोलल्याशिवाय जायचं नाही, असा तिचा हट्ट होता.

"आई, तू देवावर रागावली आहेस का?"

तोंडातल्या टाचण्या सगळ्या माझ्यावर खर्च झाल्या होत्या. बाईचा हात टाचण्यांच्या डबीकडे गेला. लेकीने डबी उचलून माझ्या हातात दिली.

"काका, धरा. मागितली तरी देऊ नका."

मी निघू का, असं विचारलं. दोघींनी माझ्या विजारीकडे पाहिलं. मी डबी धरून स्टुलावरच उभा राहिलो.

"मी कोण रागावणार?" बाई शेवटी म्हणाली. "त्या दिवशी छातीत दुखतंय म्हणाले. मी म्हटलं, दोन बटणं राहिलीत, तेवढी लावा आणि मग आडवे व्हा. त्यांनी लावली. आता कुठल्या तोंडाने देवासमोर उभी राहू?"

लेक खाली फरशीवरच बसली. "सकाळी मलाही सांगितलं होतं त्यांनी. मी म्हटलं, पित्त असेल."

मग दोघी रडल्या. आठ महिन्यांचं एकदमच. मीही रडलो, पण रुमालाचा खिसा टाचलेला. नाक तसंच वाहू दिलं. बाईचं लक्ष गेलं आणि ती डोळे पुसता पुसता हसायला लागली.

"भाऊ, हलू नका, माप बिघडतंय."

बिघडलंच. डावा पाय आखूड झालाय.

सोमवारी लेक गेली, जाताना डबी घेऊन गेली. आता बाई मनगटावर टाचण्यांची छोटी उशी बांधते, त्यामुळे तोंड मोकळं असतं आणि गिऱ्हाइकांची पंचाईत होते. सकाळी मशीनवर हात ठेवून उभी राहते. नवऱ्याला दोन मिनिटं पुरायची, हिला दहा लागतात. एवढं काय मागता, असं मी विचारलं.

"मागते कसली, देवाशी भांडते. आधी माझी चूक सांगते, मग त्याची काढते." मग माझ्या कंबरेभोवती टेप फिरवत म्हणाली, "भाऊ, खरं सांगा, घरी जेवताना कुणाशी बोलता, की नुसतंच जेवता?"

माझा हात आपोआप त्या उशीकडे गेला. तिने मनगट मागे घेतलं.