कावळ्यापुढचा शब्द

दुपारचं जेवून आडवी होते. पंखा गरगरतोय, डोळा लागतो न लागतो तोच हे स्वयंपाकघरातून बाहेर येतात. यांना जाऊन तीन वर्षं झाली. तरी सवयीनं विचारते, "चहा टाकू?"

"नको. उद्या सही आहे ना तुझी?"

मुलुंडचा हा फ्लॅट विकायचा, सिन्नरला दोन खोल्या घ्यायच्या आणि उरलेल्या पैशांच्या व्याजावर, कुणापुढे हात न पसरता, म्हातारपण काढायचं, असं मी ठरवलंय. पण सकाळीच धाकट्या दिरांचा फोन आला. "वहिनी, कावळ्यापुढे शब्द दिलाय. मोडलात तर दादाला गती नाही."

दार उघडते, तर बाहेर जिना नाहीच, नदीचा घाट आहे. यांचा दहावा. पिंड ठेवलाय आणि कावळे झाडावरून हलत नाहीत. गुरुजी चुळबुळ करतायत. शेवटी दीर मोठ्यानं म्हणतात, "दादा, घर विकणार नाही." लगेच कावळा शिवतो. सगळे हात जोडतात. मला कुणी विचारतसुद्धा नाही.

हे माझ्या शेजारीच उभे आहेत. मान वर करून बघायची हिंमत होत नाही, पण किती दिवस गिळायचं?

"अहो, खरंच तुमचा जीव घरात अडकला होता का? तुम्ही नाही म्हणालात तर मी सही नाही करणार. पण मग मेंटेनन्स भरू की औषधं आणू, तेवढं सांगा. बोला ना, मेली भीती वाटते मला."

हे उलट मलाच विचारतात,

"शब्द कुणी दिला?"

"भाऊजींनी."

"मग भाऊजींनी राहावं की इथं."

मला हसू येतं आणि रडूही. "आणि तो कावळा?"

"त्याला भूक लागली असेल. माझं कुठं लक्ष होतं कावळ्याकडे? तू उन्हात अनवाणी उभी होतीस. पाय भाजत होते तुझे."

आता समोर आमचंच दार. हे पेचकस घेऊन स्वतःच्या नावाची पाटी काढतायत.

"ही मागे ठेवू नकोस. नवा मालक भंगारात देईल. हं, हा धर."

फोनच्या आवाजानं जाग येते. उशी घामानं ओली. भाऊजीच असणार. फोन उचलायला आवळलेली मूठ उघडते, तर तळहातावर एक गंजका स्क्रू.