दहा वेळा बरोबर म्हणा

मी अमरावतीचा. अकोल्यात बारा वर्षं इंग्रजी बोलण्याचे क्लास घेतले, आणि निम्मी पोरं माझ्या तोंडाला भिऊनच शिकली. क्लासचा एक नियम होता. वाक्य चुकलं की उभं राहून तेच दहा वेळा बरोबर म्हणायचं, बाकीच्यांनी मोठ्यानं आकडे मोजायचे. पोरांना यात भलती मजा यायची. मलाही.

एका बॅचमध्ये बाळापूरकडची तिशीतली बाई होती, घरचा भाजीपाल्याचा मळा. सोमवारी तिची एका दवाखान्यात रिसेप्शनच्या नोकरीसाठी मुलाखत होती. ती नोकरी तिला हवीच होती.

मुलाखतीआधीच्या शुक्रवारी क्लासात 'इफ'ची वाक्यं होती. घडण्यासारखं असेल तर इफनंतर साधा वर्तमानकाळ, पुढे विल. नुसती कल्पना असेल तर भूतकाळ आणि वुड. जे घडून गेलं, आता बदलणार नाही, तिथे इफ, हॅड, क्रियापदाचं तिसरं रूप. पुढे वुड हॅव. म्हटलं, या शेवटच्या प्रकारातलं स्वतःच्या आयुष्यातलं वाक्य सांगा. पोरांनी चुकलेल्या बस आणि बुडालेले पेपर सांगितले.

ती उठली. "इफ आय लेफ्ट मेथी इन मार्केट, माय डॉटर वुड लिव्ह."

"चूक. हॅड लेफ्ट. वुड हॅव लिव्ह्ड. आणि मेथीचा पोरीशी काय संबंध?"

वर्ग हसला.

"मेथीची हर्रास होऊन राह्यली होती, सर, बोली लागत होती. पोरीले ताप होता. मी म्हटलं, जुड्या इकल्या की नेतो दवाखान्यात."

हसू थांबलं. मला सगळं कळलं होतं. पण नियम मोडला तर उद्या पोरं डोक्यावर बसतील, एवढीच मला काळजी. म्हणालो, "दहा वेळा."

तीनपर्यंत पोरांनी मोजलं. पुढचं मी एकट्यानं. आठव्या वेळी तिनं 'हॅव' गिळला, ती वेळ मी मोजलीच नाही. पुन्हा म्हणायला लावलं. शेवटी म्हणालो, "व्हेरी गुड." ती पुन्हा क्लासला आली नाही.

परवा त्याच दवाखान्यात गेलो. टेबलामागे ती, फोनवर इंग्रजीत बोलत होती. जित्याची खोड, मी आधी चूकच शोधली. सापडली नाही. तिनं फोन ठेवला, मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी कसाबसा म्हणालो, "त्या दिवशी माझं चुकलं."

"ते वाक्य आता नाही चुकत, सर," ती माझा फॉर्म भरता भरता म्हणाली. "रोज म्हनतो मी. मोजाले कोनी लागत नाही."