झाकलेल्या टोपलीचा लिलाव

नाएलिजवाला माणसांची किळस यायला पासष्ट वर्षं लागली. तोवर ती किलीमांजारोच्या उतारावरची एक हसतमुख विधवा होती. एक गाय, थोडी केळीची बाग, चार कोंबड्या. रविवारी चर्चला ती रिकाम्या हातानं कधी गेली नाही. कधी दहा अंडी, कधी केळीचा घड. देताना तिला खरोखर बरं वाटे, उतरणीवरून ती गुणगुणत जाई.

ज्याच्याकडे पैसा नाही त्यानं वस्तू आणायची, पाळकांनी तिच्यावर प्रार्थना करायची आणि उपासना सुटली की अंगणात तिचा लिलाव, अशी तिथली रीत. लिलावाचा पैसा दवाखान्याच्या पाण्याच्या टाकीसाठी होता. त्याच दवाखान्यात तिची सून बाळंत झाली तेव्हा हात धुवायलाही पाणी नव्हतं. चौथ्या दिवशी तापानं ती गेली. तेव्हापासून नाएलिजवा जे देई ते टाकीसाठीच.

बोली लावण्यात अमिनिएलचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याची पायथ्याच्या मोशी शहरात सिमेंटची दोन दुकानं होती. वस्तू काय आहे हे न बघताच तो म्हणायचा, "पन्नास हजार शिलिंग." की टाळ्यांचा कडकडाट. देवाच्या दारात दिलेला शब्द म्हणजे पैसाच, असं मानणारी ती माणसं. म्हणून वस्तू लगेच न्यायची, पैसे मंगळवारी आणून द्यायचे. पैसे मागणं म्हणजे असभ्यपणा.

तीन वर्षं झाली तरी टाकीचा पत्ता नाही. शेवटी तिनं पाळकांना गाठलं.

"अमिनिएलसाहेबांचा मंगळवार अजून उगवायचाय, बाई," पाळक खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मोठा माणूस. विचारायचं कसं?"

तिच्या तीन कोंबड्या, नाताळचा बोकड, सगळं त्या ढेरीत गेलं होतं आणि वर टाळ्या घेऊन. अमिनिएलची किळस आलीच, पण पाळकांची जास्त आली. सगळं ठाऊक असून हे गृहस्थ दर रविवारी 'हसतमुखानं द्या' म्हणून घसा कोरडा करत होते.

कापणीच्या सणाला तिनं डोक्यावरून टोपली आणली, वर केळीची पानं घट्ट बांधलेली. पाळकांनी डोळे मिटून टोपलीवर प्रार्थना केली. अंगणात अमिनिएलनं सवयीनं हात वर केला, "पन्नास हजार." टाळ्या पडल्या. मग त्यानं पानं बाजूला सारली.

आत शेणखत होतं. वर्षभर मुरलेलं, काळं, भुसभुशीत.

"आजी, ही काय थट्टा?" तो नाक दाबून म्हणाला. "देवापुढे शेण ठेवलंस?"

"थट्टा कसली, बाळा? माझी बाग यावरच जगते. आणि देवाला काय फरक पडतो? त्याच्यापर्यंत माझं काही पोचतच नाही. माझ्या कोंबड्या खाल्ल्यास, बोकड खाल्लास. आता हेही ने, पैसे मंगळवारी दे."

मागून कुणीतरी खिदळलं. मग एक म्हातारी म्हणाली, "माझ्या गुळाचंही तेच झालं." दुसरी म्हणाली, "माझ्या मक्याचं." पाळक पायातल्या बुटांकडे बघत राहिले.

अमिनिएलचा चेहरा उतरला. आज शब्दावर भागणार नाही हे त्याला कळलं. त्यानं पाकीट काढलं, नोटा मोजल्या आणि दानाच्या थाळीत टाकल्या. प्रार्थना झालेली वस्तू जमिनीवर टाकता येत नाही, म्हणून टोपलीही त्यालाच काखेत धरावी लागली. सुटावर काळा डाग पडला.

पाळक लगबगीनं पुढे आले. "पाहिलंत? याला म्हणतात हसतमुख दाता," ते म्हणाले, आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

नाएलिजवा नळाशी हात धुवायला गेली. नळ कोरडा होता. तिनं हात नेसूच्या कापडाला पुसले आणि चढण चढू लागली. तीन वर्षांत तिनं घरातलं चांगलंचुंगलं दिलं होतं. त्यातलं टाकीला पोचलं ते फक्त शेण.