बोर्ड बरा आहे

चांगला कॅरम खेळणारा माणूस मुंबईत अजून जन्माला यायचा आहे, अशी आमच्या भावोजींची पक्की खात्री होती. त्यातून त्यांनी स्वतःलाही वगळलं नव्हतं. भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. कॉटन ग्रीनला कापसाच्या गोदामात कारकून, बिऱ्हाड लालबागच्या चाळीत आणि जीव सोंगट्यांमध्ये. परळच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा मी रत्नागिरीहून त्यांच्याकडे राहायला आले आणि पहिल्याच संध्याकाळी गॅलरीतल्या सगळ्यांना हरवलं. रत्नागिरीत मला हरवणारं कुणी नव्हतं, इथेही नाही, म्हणून मी खुशीत मान वर केली. भावोजी बशीतला चहा फुंकत उभे होते. ते म्हणाले, "बोर्ड बरा आहे." आणि आत निघून गेले.

त्यांच्या मते कुणीही जिंकला की श्रेय बोर्डाचं. माझगावात एक जण म्हणे एका हातात अख्खा डाव संपवतो, असं कुणी सांगितलं, की यांचा प्रश्न ठरलेला: "कुठल्या मापाच्या बोर्डावर?" आमच्या चाळीतला बोर्ड लहान होता, कारण पूर्ण मापाचा ठेवला असता तर खोलीचं दार उघडलं नसतं. भावोजींचं म्हणणं असं, की लहान बोर्डावर सोंगट्यांची गर्दी होते, तिथे डोकं लागतं. मोठ्या बोर्डावर वाट मोकळी असते, पण अंतर वाढतं. इथे केसभर चुकलेला नेम तिथे बोटभर चुकतो. एकाच बोर्डावर राजा असलेल्या माणसाला खेळाडू म्हणू नये, त्याला त्या बोर्डाचा भाडेकरू म्हणावं.

हे माप ते सगळ्या जगाला लावत. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. रोज कुठे ना कुठे सभा. मैदान दणाणून सोडणाऱ्या वक्त्याला लोक टाळ्या देत आणि हे शांतपणे म्हणत, "गल्लीत दहा माणसांपुढे बोलू दे, मग बघू." ताईच्या पिठल्याची कुणी स्तुती केली, की "चार माणसांचं कुणीही करील, पंगतीचं करून दाखव." त्यावर ताई म्हणायची, "पंगतीला पिठलं कोण करतं हो?" मुंबईचा विषय निघाला मात्र त्यांचा आवाज चढायचा. "राणी दुसऱ्याच्या खिशात आणि आम्हाला नुसत्या काळ्या सोंगट्या? मग खेळायचं कशाला?" हे वाक्य अख्ख्या चाळीला पाठ होतं.

अशा माणसाचं एकच दुखणं होतं. दादरला दरवर्षी चाळीचाळींची जोडीची स्पर्धा भरायची, पूर्ण मापाच्या बोर्डावर. जिंकणाऱ्या चाळीला ढाल मिळायची. भावोजी दरवर्षी जायचे आणि हरून यायचे. आमच्या चाळीचे हात लहान बोर्डावर वाढलेले, मोठ्या बोर्डावर फटका आखूड पडायचा. ढालीसाठी त्यांनी भिंतीत खिळा मात्र ठोकून ठेवला होता. त्यावर ताई पिशवी अडकवायची आणि ते रोज काढून ठेवायचे.

त्या वर्षी त्यांचे जोडीदार सत्याग्रहात पकडले गेले, तेव्हा नाइलाजाने त्यांनी मला उभं केलं. "रत्नागिरीच्या बोर्डावरची आहेस. हात लांब करायला हवा." पण सरावाला मोठा बोर्ड आणायचा कुठून? भावोजींनी गॅलरीतल्या शहाबादी फरशीवर खडूने पूर्ण मापाचा बोर्ड आखला, चार कोपऱ्यांत चार खिसे, मधे राणीचं वर्तुळ. पावडरीऐवजी तांदळाचं पीठ. लोक पाण्याच्या बादल्या घेऊन आमच्या कडेकडेने जायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर वर्तुळात हळदकुंकू वाहिलेलं. शेजारच्या मालवणी वहिनी ताईला म्हणाल्या, "रांगोळी बरी काढलंस गो, पण कुंकू घालूक इसारलंस." भावोजींनी ते पुसू दिलं नाही. "राणीची पूजा झाली," म्हणाले, "आता ती आपल्याकडेच यायची."

दादरला आम्ही एकेक जोडी हरवत अंतिम सामन्यात पोचलो. समोर वडाळ्याची जोडी. शेवटच्या डावात दोघांचीही एकेक सोंगटी उरलेली आणि राणी अजून बोर्डावर. आधी राणी घ्यायची आणि लगेच त्याच हातात शेवटची सोंगटी घालायची. जो हे करील त्याची ढाल. पाळी माझी होती. राणी सोपी होती, गेली. पण आमची सोंगटी पडली होती पार पलीकडे, भावोजींच्या बाजूच्या कोपऱ्याजवळ. घरच्या बोर्डावर नसलेलं तेवढंच अंतर मधे होतं. भावोजी समोर बसलेले. जोडीदाराने बोलायचं नाही असा नियम. चाळीतली माणसं मागे श्वास रोखून उभी, आणि मला दिसत होता तो भिंतीवरचा खिळा. मी डोळ्यांपुढे फरशी आणली आणि मारलं. सोंगटी खिशाच्या तोंडाशी गेली, थांबल्यासारखी झाली आणि आत पडली.

भावोजी जागचे हलले नाहीत. ढाल हातात आली तेव्हा वरच्या मजल्यावरचे एक काका त्यांना डिवचायला म्हणाले, "काय हो, बोर्ड बरा होता ना?"

"बोर्डाचा काही संबंध नाही," भावोजी म्हणाले. "पोरगी खेळली."

एवढंच. त्या दिवशी मला जो अभिमान वाटला तो पुढे कशानेच वाटला नाही. पुढे मुंबईसह महाराष्ट्र झाला तेव्हा सगळी चाळ गॅलरीत नाचत होती आणि भावोजी ढाल पुसत म्हणत होते, "राणी मिळाली खरी. आता तिच्यावर सोंगटी घाला, नाहीतर परत ठेवावी लागते."

भावोजी जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. माझं घर मोठं आहे, पूर्ण मापाचा बोर्ड मांडूनही दार उघडतं. नातवंडांशी खेळताना कधी लांबचा फटका साधतो, मुलं टाळ्या वाजवतात. मी मात्र उगीच दाराकडे बघते. कुणीतरी बशीतला चहा फुंकत यावं आणि म्हणावं, बोर्ड बरा आहे.