सोऱ्या घेऊन खाडीत

आधी कबूल करा की हसणार नाही, मगच सांगते. आणि कबूल करूनही हसाल, हे मला ठाऊक आहे. कारण मीसुद्धा आमच्या ह्यांना सांगताना गंभीर राहायचं ठरवलं होतं, पण अर्ध्यातच मलाच हसू फुटलं.

तुम्हाला माहीत आहे, आमची पल्लवी नर्स आहे. नोकरी लागली ती थेट कोकणात, आणि नवराही तिकडचाच मिळवला. सागर नाव. मुलगा चांगला आहे, खाडीत पर्यटकांना कयाकमधून फिरवतो. कयाक म्हणजे काय, हे मला लग्न ठरल्यावर कळलं. लांबट, अरुंद होडी, अगदी भेंडीसारखी, दोघांनी पुढे-मागे बसायचं आणि वल्हवत जायचं. आमचे हे म्हणाले, "आपल्याकडं जावई काय करतो म्हनून कुनी इचारलं तर सांगायचं काय? पानी कापतो म्हनून?"

तरी लग्न आमच्या हिंगोली जिल्ह्यात, वसमतला थाटात झालं. फक्त एक गोष्ट मनाला लागली. जेवणाच्या पंगतीत ईनबाई, म्हणजे सागरची आई, ताटावर बसून ढसाढसा रडत होत्या. नाक लाल, डोळे लाल, पदर ओला. आमच्या नणंदबाई माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, "बघ गं वैनी, पोरगी पसंत न्हाई त्यायला. भरल्या ताटावर रडून राहिल्या." ते जे डोक्यात बसलं ते बसलंच. त्यांनी फोन केला की मी दोन वाक्यांत उरकायची. त्याही तेवढंच बोलायच्या.

उन्हाळ्यात पल्लवीकडे जायचं ठरलं, तेव्हा ईनबाईंचा फोन आला. फोनला रेंज धड नाही, मागे वाऱ्याचा आवाज. त्या म्हणाल्या, "या तुम्ही. आल्यावर कुर्ल्यांचा बेत करू."

आता कोकणात खेकड्याला कुर्ली म्हणतात, हे मला कुणी सांगितलं होतं का? मी ऐकलं 'कुरडयांचा बेत'. आणि उन्हाळ्यात बाई बाईला दुसरं काय विचारणार? कुरडया, पापड, शेवया, हेच ना?

मी म्हटलं, "ईनबाई, कुरडयांचं तुम्ही मला सांगूच नका. माझा हात धरणारी अख्ख्या वसमतमध्ये कुणी नाही."

ईनबाईंशी मी शुद्ध बोलते बरं का. 'न्हाई'चं 'नाही' करते, 'पानी'चं 'पाणी' करते. लेकीच्या सासरचा मामला.

"हो का?" त्या चकित झाल्या. "तुमच्याकडे मिळतात?"

"मिळायच्या कशाला? विकतच्या आम्ही शिवतही नाही. घरच्या शेतातल्याच."

"शेतातल्या? बरोबर, शेतातही असतात. मोठ्या असतात का?"

"हाताच्या पंजाएवढ्या. आणि अगदी पांढऱ्याशुभ्र."

"पांढऱ्या? आमच्याकडे काळपट असतात."

मला त्यांची कीव आली. बिचाऱ्यांना गहू बरा मिळत नसेल. म्हटलं, "कडक उन्हात वाळवायच्या. मग तळल्या की चौपट फुलतात. तोंडात टाकली की विरघळली."

"वाळवता तुम्ही त्या?"

"मग? वर्षभर डब्यात भरून ठेवतो. ईनबाई, माझा साचा आणू का येताना? पितळी आहे."

"साचा?" त्यांना तो खेकड्याचा सापळा वाटला, हे मला फार उशिरा कळलं. "आणा की. बघू तरी तुमच्याकडचा कसा असतो. बाकी तयारी मी करून ठेवते."

फोन ठेवला आणि मी ह्यांना म्हटलं, "बघा, बाईला कुरडया येत नाहीत. आता मी दाखवते." मोंढ्यावर हळदीचा लिलाव सुरू होता, त्यामुळे ह्यांना यायला जमत नव्हतं. मी एकटीच निघाले. पिशवीत दोन साड्या, पल्लवीसाठी लाडू आणि वरून पितळेचा जड सोऱ्या. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, "बाई, हे काय घेऊन राहिल्या?" मी म्हटलं, "इज्जत."

पोहोचले तर अंगणात आठ-दहा बाया जमलेल्या. ईनबाईंनी सगळ्या वाडीत सांगून ठेवलं होतं की आमच्या हिंगोलीच्या विहीणबाई म्हणजे कुर्ल्यांतल्या मास्तर. पल्लवी दवाखान्यात ड्यूटीवर. ती असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

शेजारच्या एक काकू पुढे आल्या. म्हणाल्या, "तुम्ही सांगितलात तसं आम्ही उन्हात घालून बघितलं. पण फार वास मारतो हो. काय चुकलं?"

"किती दिवस घातल्या?"

"दोन दिवस. आता कावळे उठत नाहीत."

मी सोऱ्यावर हात ठेवून, अगदी मुरलेल्या बाईसारखी म्हणाले, "वास येतो म्हणजे नीट आंबल्या नाहीत. आंबल्याशिवाय चव नाही. आणि कावळ्यांसाठी वर काळी चिंधी बांधा."

काकूंनी मान डोलावली. बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. मला वाटलं, काय छाप पडली माझी. काकूंच्या घराच्या बाजूनं एक भयंकर दर्प येत होता, पण कोकणात दर दुसऱ्या अंगणात मासळी वाळत असते, म्हणून मी नाक मुरडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईनबाई म्हणाल्या, "भरती कधी आहे ते बघून निघू."

आमच्याकडे भरती म्हणजे पोलीस भरती. पहाटे उठून पोरं पळतात ती. मी म्हटलं, "तुमच्याकडंही आहे का? कुणाचा मुलगा उतरला आहे?" ईनबाई हसल्या. त्यांना वाटलं, मी गंमत केली. समुद्राचं पाणी वर चढतं त्याला भरती म्हणतात, हे शाळेत शिकले होते मी, पण शाळा सुटून जमाना झाला.

खाडीच्या धक्क्यावर गेलो. तिथं कयाक तयार. सागर पर्यटकांना घेऊन केव्हाच पुढे गेला होता, म्हणून वल्हवणार होत्या स्वतः ईनबाई. मला वाटलं, इथं सगळीकडे नारळाची सावली, कुरडया वाळणार कुठे? पलीकडच्या काठावर मोकळी वाळू आणि ऊन दिसत होतं. म्हटलं, हुशार आहे बाई, जागा बरोबर निवडली.

बाया होत्याच बघायला. काकूंनी माझ्या पिशवीतून सोऱ्या काढून हातात घेतला, उलटा-सुलटा केला, खालच्या चकतीच्या भोकांना डोळा लावला आणि म्हणाल्या, "पण बाई, एवढ्याशा भोकातून कुर्ली आत जाते कशी?"

मी मनात म्हटलं, कुरडईला कुर्ली म्हणतात वाटतं इकडे. "आत जात नाही काकू, बाहेर येते. वरून भरायची आणि दाबायची. जोर लावून दाबली की सरसर तारा निघतात."

 काकूंनी सोऱ्या दोन्ही हातांनी हळूच माझ्याकडे परत दिला. एक बाई दुसरीला हळू आवाजात म्हणाली, "जिवंत दाबतात की काय गो?" ते मी ऐकलं, पण कळलं नाही.

साडीवरून लाइफ जॅकेट घालून मी पुढे बसले. मांडीवर सोऱ्या. ईनबाई मागे. त्या काय सुंदर वल्हवतात म्हणून सांगू, पिठलं हाटावं इतक्या सहज. हिरवंगार पाणी, दोन्हीकडे खारफुटीची झाडं, वर घिरट्या घालणारी घार. खरं सांगते, आमच्या पूर्णा नदीच्या पुराशिवाय इतकं पाणी मी एका जागी पाहिलं नव्हतं. पण हे पाणी कसं शांत, मांजरीसारखं पायाशी घोळणारं. मला फार छान वाटत होतं.

धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर, झाडांच्या मुळांजवळ ईनबाईंनी कयाक थांबवली. मागून एक जाळी काढली. गोल कडी, त्यावर जाळं, मध्ये माशाचं डोकं बांधलेलं. ती त्यांनी पाण्यात सोडली. मला वाटलं, देवाचं काहीतरी असेल, शुभ काम करण्याआधी खाडीला नैवेद्य. मी दोन्ही हात जोडले. ईनबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांनीही जोडले.

जरा वेळानं त्यांनी दोरी ओढली. जाळी वर आली आणि तिच्यात ताटलीएवढा एक काळाहिरवा खेकडा, नांग्या वर करून उभा.

"अगं बाई, हे काय आलं?"

"कुर्ली," ईनबाई म्हणाल्या. "छान मोठी आहे ना?"

"ही कुर्ली?"

"मग?"

 फोनवरचं एकेक वाक्य डोळ्यांपुढून गेलं. पांढऱ्याशुभ्र. चौपट फुलतात. तोंडात टाकली की विरघळली. आणि आत्ताचं ते, वरून भरायची आणि दाबायची. शेजारच्या काकूंचं अंगण आठवलं आणि तो दर्प कसला होता तेही कळलं. वरून मी त्यांना नीट आंबू द्या म्हणून सांगितलं होतं.

त्याच क्षणी कबूल केलं असतं तर निभावलं असतं. पण मागे लेकीची सासू, धक्क्यावर सगळी वाडी. मी म्हटलं, "आमच्याकडच्या जरा निराळ्या असतात."

"असणारच. आता ही तुम्ही धरा. तुमची पद्धत बघू." आणि त्यांनी जाळी अलगद माझ्या पुढ्यात ठेवली.

मी डोळे मिटले, नागनाथाचं नाव घेतलं आणि हात पुढे केला. खेकड्यानं हात सोडून पदर धरला. मी पदर ओढला, तो पदराबरोबर वर आला, थेट छातीपर्यंत. मग मी काय केलं असेल? जे कयाकमध्ये कधीही करायचं नसतं, ते केलं. उभी राहिले.

कयाक एकदम पालथी झाली. ईनबाई, मी, सोऱ्या, खेकडा, सगळे पाण्यात. माझं शुद्ध बोलणं पहिल्याच गटांगळीत वाहून गेलं. मी ईनबाईंच्या गळ्याला मिठी मारली आणि ओरडले, "वो ईनबाई, मी मरून राहिले वो! पल्लवीच्या पप्पाला सांगा, कपाटाची किल्ली पिठाच्या डब्यात हाय!"

ईनबाई म्हणाल्या, "विहीणबाई, पाय खाली टेका."

"टेकत न्हाई वो!"

"तुम्ही ते वर धरले आहेत. खाली सोडा."

सोडले. कमरेएवढं पाणी होतं.

दोघी चिखलात उभ्या राहिलो. धक्क्यावरून काकूंचा आवाज आला, त्या इतर बायांना समजावत होत्या, "बघून ठेवा गो, हिंगोलीवाले पाण्यात उतरून धरतात."

आता मात्र मला राहवेना. म्हटलं, "ईनबाई, मला खेकड्याचं काहीच येत न्हाई. मी कुरडया समजले वो. गव्हाच्या कुरडया. ह्या साच्यातून पाडतात त्या."

ईनबाईंनी तोंडावरचे ओले केस मागे सारले. मग म्हणाल्या, "गव्हाच्या? म्हणून पांढऱ्या?" आणि त्या जे हसायला लागल्या ते हसत हसत पाण्यातच खाली बसल्या. मी त्यांना ओढायला गेले आणि मीही बसले. गळ्याएवढ्या पाण्यात दोन विहिणी, डोक्याला शेवाळ, आणि हसणं थांबेना.

जरा दम खाल्ल्यावर म्हटलं, "तरी तुमी मला कदी आपलं मानलं न्हाई. लग्नात पंगतीत बसून काहून रडत होत्या?"

"अहो, ती तुमची वांग्याची भाजी," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "एवढं तिखट मी जन्मात खाल्लं नव्हतं. नवी सोयरीक, ताटात टाकायचं कसं? रडत रडत संपवली."

म्हणजे बघा, इतके महिने मी ज्या रडण्यावर रुसून बसले होते, ते आमच्या आचाऱ्याच्या मिरचीचं निघालं. त्या घटकेपासून आम्ही अहो-जाहो सोडलं. पाण्यातून बाहेर येताना ती मला मंगल म्हणत होती आणि मी तिला शालन.

संध्याकाळी सागर बुडी मारून सोऱ्या घेऊन आला. पल्लवीला सांगितलं तर ती जमिनीवर लोळून हसली. शेजारच्या काकूंची मी माफी मागितली, तर त्या म्हणाल्या, "आता त्या तळल्यावर फुलतात का तेवढं सांगा." रात्री शालननं कुर्ल्यांचा रस्सा केला. नांगी कशी फोडायची, आतलं कसं काढायचं, सगळं शिकवलं. मी चार वेळा भात घेतला. मग आम्ही खरोखरच गहू भिजत घातले, आणि निघायच्या आधी अंगणभर पांढऱ्या कुरडया वाळत होत्या. वाडीतल्या बाया लांब उभ्या राहूनच बघत होत्या.

निघताना शालननं ओल्या गोणपाटात गुंडाळून चार जिवंत कुर्ल्या दिल्या. नांग्या सुतळीनं पक्क्या बांधलेल्या. म्हणाली, "बांधलेल्या असल्या की घरापर्यंत टिकतात. मात्र उकळत्या पाण्यात जाईपर्यंत सुतळी सोडायची नाही हां."

आज सकाळी वसमतला पोहोचले. स्वयंपाकघरात गोणपाट उघडलं, तर एक बिचारी इतकी केविलवाणी बघत होती. एवढा लांबचा प्रवास, हातपाय बांधलेले. मला दया आली. म्हटलं, घटकाभर मोकळी करू.

त्यामुळे आज चहा आमच्या ह्यांनी केला आहे, तोही गॅस हॉलमध्ये आणून. मी मघापासून पलंगावर मांडी घालून बसले आहे, ती काही प्रवासानं दमून नाही. शालनला फोन लावला आहे, ती भरती बघून घरी आली की उचलेल. तोपर्यंत तुम्हीही जरा पाय वर घेऊनच बसा.