वनमंत्र्यांच्या नावावर नऊ झाडं

वनमंत्री बोलताना समोरच्याकडे बघत नसत, वर बघत. चौतीस वर्षं विजेच्या खांबांवर काढलेला माणूस. मान मागे टाकून तारा आणि फांद्या न्याहाळायची सवय इतकी मुरलेली, की टपरीवर चहा पितानाही त्यांची नजर पत्र्यापलीकडच्या कुठल्यातरी फांदीवर असायची. नवीन माणसाला वाटायचं, हे आपल्याला किंमत देत नाहीत. ते बिचारे त्याच्या डोक्यावर काय लोंबतंय ते बघत असायचे.

हुद्दा लाइनमन. ‘वनमंत्री’ हे नाव आमच्या सेक्शन ऑफिसने कुचेष्टेने ठेवलेलं. डोंबिवली पूर्वेला मानपाड्याकडे जाणारा एक आतला रस्ता त्यांच्याकडे होता. त्या रस्त्याच्या एका कडेला नऊ जुने पर्जन्यवृक्ष होते, आणि दुसऱ्या कडेला दुकानं. रस्त्यावरचे लोक त्यांना मामा म्हणायचे. मी त्यांचा कनिष्ठ अभियंता, वयाने वीस वर्षांनी लहान. मीही मामाच म्हणायचो. ते मला साहेब म्हणायचे.

पावसाळ्याआधी लाइन बंद ठेवून फांद्या छाटायच्या असतात. ठेकेदाराची माणसं हे काम कसं करतात ते सगळ्यांनी पाहिलंय. वरून सपासप तोडत यायचं, झाडाचा खुंट करून जायचं. मामा असले की ते जमत नसे. “हजामत करा रे, मुंडकं नका उडवू,” असं खालून ओरडायचे. मग स्वतः शिडी लावून चढायचे, फांदी जिथे खोडाला मिळते तिथली सुरकुती बोटाने चाचपायचे आणि नेमकी तिथे करवत लावायचे. मला म्हणायचे, “साहेब, मधेच तोडलेली फांदी दसऱ्यापर्यंत दहा होऊन येते. मग आपणच बोंबलतो, झाड वायरीत आलं. झाड नाय आलं वायरीत. वायर झाडात गेली. आधी कोण होतं ते विचारा ना!” त्यांनी छाटलेल्या झाडात तारेपुरती एक खिडकी असायची. बाकी झाड जसंच्या तसं.

ते झाडांना कवटाळून रडणारे नव्हते. कोपऱ्यावरचा एक गुलमोहर त्यांनी स्वतः सांगून पाडायला लावला. बुंध्यावर थाप मारली, कान लावला आणि म्हणाले, “हा लबाड आहे. वरून फुललाय, आत काय नाय. कुणाच्यातरी टाळक्यात बसायच्या आत काढा.” लोकांनी आरडाओरडा केला. पाडल्यावर बुंधा आतून पोकळ निघाला. तेव्हापासून त्या रस्त्यावर झाडाच्या बाबतीत मामांचा शब्द शेवटचा.

त्या रस्त्यावरच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. सगळे त्यांना बाई म्हणत. वीज गेली की त्या गॅलरीतून हाक मारायच्या, “मामा, तुमच्या लाडक्या झाडाने माझी मालिका बुडवली!” मामा वर बघत सांगायचे, “बाई, झाड गेलं तर घराघरात एसी लागतील. मग ट्रान्सफॉर्मर जळेल आणि मालिका कायमची बुडेल.” बाई त्यांना वर बोलवून चहा द्यायच्या. जवळजवळ रोज.

सात वर्षांपूर्वी पलीकडच्या नव्या टॉवरांसाठी त्या रस्त्यावरून उच्चदाबाची लाइन न्यायचं ठरलं. मामा मला घेऊन रस्ताभर हिंडले. झाडांच्या समोरच्या बाजूला, दुकानांपुढे, त्यांनी खडूने फुल्या मारल्या. “खांब इथे घ्या साहेब. नाहीतर केबल जमिनीतून न्या. झाडाला हात लावायचं काय कारणच नाय.” कारण खरंच नव्हतं. मी इंजिनियर आहे, मला ते त्यांच्याइतकंच दिसत होतं. पण खांब पुढ्यात आला तर पाटी झाकली जाईल, असं दुकानदारांचं म्हणणं. त्यांनी कुणाकुणाला फोन लावले. वरिष्ठ मला म्हणाले, “खांब झाडांच्या बाजूनेच जाणार. झाडं धोकादायक आहेत असा पाहणी अहवाल दे. तुझं प्रमोशन आलंय ना जवळ?”

एवढंच. धमकी नाही, काही नाही.

स्थळपाहणीच्या कागदावर मामांची सही आधीच होती. त्यांना लिहायचा कंटाळा. पाहणी झाली की ते कोऱ्या कागदाखाली सही करून म्हणायचे, “मजकूर तुम्ही टाका साहेब. तुम्ही लिहाल ते बरोबरच असणार.” आमच्याकडे हे सर्रास चालायचं. मी तो कागद समोर घेतला. नऊ झाडं धोकादायक आहेत असं स्वतःच्या नावाने लिहायची माझी छाती झाली नाही. मी लिहिलं, ‘सदर नऊ वृक्ष वाहिनीस धोकादायक असल्याचे संबंधित लाइनमन यांनी पाहणीवेळी निदर्शनास आणले आहे.’ लाइनमन यांनी! ज्यांनी उन्हात उभं राहून फुल्या मारल्या, त्यांनी! गुलमोहराच्या वेळी मामांचं म्हणणं खरं ठरलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या नावावर झाडं तोडायची परवानगी अडणार नाही हे मला माहीत होतं. म्हणूनच लिहिलं.

झाडं पडली तो दिवस मी साइटवर होतो. बाई खाली आल्या, मागून अख्खा रस्ता. ठेकेदाराने अहवालाची झेरॉक्स पुढे केली. “आमच्यावर कशाला ओरडता? तुमच्या मामांचाच रिपोर्ट आहे. घ्या, वाचा.” तेवढ्यात मामा आले. बाईंनी कागद त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, “मामा, हे तुम्ही सांगितलंत?”

मामांनी कागद वाचला. दोनदा वाचला असेल, वेळ लागला. मी चार पावलांवर उभा होतो. “मी लिहिलंय” हे दोन शब्द बोलायला किती वेळ लागतो? मी मोबाइल काढून कानाला लावला. फोन कुणाचा नव्हता.

“सही माझी आहे,” मामा म्हणाले. कागद त्यांनी बाईंना परत दिला.

माझ्याजवळ येऊन हळूच बोलले, “साहेब, तुम्हाला नोकरी होती. मला पण हा एक रस्ता होता.”

राग कुणाचा येतो म्हणून विचाराल तर यादी मोठी आहे. वरिष्ठांचा येतो, पाट्या दिसाव्यात म्हणून फोन फिरवणाऱ्यांचा येतो. आज त्या दुकानदारांनी उन्हासाठी हिरवी जाळी बांधलीय आणि तिच्याखाली पाट्या झाकल्या गेल्यात, त्याचा तर फारच येतो. ‘धोकादायक’ या शब्दाचा येतो. पर्जन्यवृक्ष इतकी वर्षं उभे होते, त्यांनी कुणाचं काही वाकडं केलं नाही. वाऱ्याने एकमेकींवर आपटणाऱ्या आमच्या तारा मात्र सुरक्षित! पण हा सगळा राग मी सात वर्षं सोयीने बाहेर वाटत आलो. घरात त्यातला जो वाटा यायला हवा होता तो आणला नाही. प्रमोशन झालं. मी ठाण्याला गेलो.

मामा त्या रस्त्यावर आणखी काही महिने टिकले. चहाला कुणी बोलवेना. एका बुंध्यावर कुणीतरी रंगाने लिहिलं, ‘वनमंत्र्यांची कृपा’. आमच्या ऑफिसातलं नाव रस्त्यापर्यंत पोचलं होतं. त्यांनी बदली मागून घेतली. नेमके आले माझ्याच ऑफिसात, ठाण्यात खोपटला. तिथूनच निवृत्त झाले.

निरोप समारंभात मी बोललो. ‘पर्यावरणप्रेमी कर्मचारी’ असं म्हणालो, तेही न अडखळता. ऑफिसतर्फे कुंडीतलं रोप दिलं, माझ्याच हस्ते. मामांनी ते घेतलं, उलटसुलट बघितलं आणि माईकपासून तोंड वळवून मला म्हणाले, “लावू कुठे साहेब? जिथे लावीन तिथे तुम्ही वायर घेऊन याल.” फोटो काढणारा म्हणाला, “सर, जरा हसा.” मी हसलो. तो फोटो आहे.

या चैत्रात मामा गेले. कळलं तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो नाही, त्या रस्त्यावर गेलो. बाई आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. मी त्यांना दारातच सगळं सांगितलं, कोरा कागद, ते वाक्य, खोटा फोन. त्यांनी मला आत बोलावलं नाही. दाराची कडी धरून उभ्या राहिल्या.

“झाडं गेल्यावर ते जिन्याखाली उभे राहायचे हो, पाऊस आला की,” त्या म्हणाल्या. “मी वरून बघायची आणि दार लावून घ्यायची. आणि तुम्ही हे आता सांगताय?”

मी जिन्याकडे बघत राहिलो.

“गप्प बसू नका. तेच केलंत ना इतकी वर्षं?” त्यांनी चपला घातल्या. “चला. तळमजल्यापासून सुरुवात करू. बेल मी वाजवणार. बोलायचं तुम्ही.”

ऑफिसला मी लेखी कळवलं आहे, उत्तर यायचंय. त्या रस्त्यावरच्या चार इमारती झाल्या. एकाने तोंडावर दार आपटलं, एकाने शिव्या घातल्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी नुसतं “अरेरे, मामा” म्हटलं आणि आत जाऊन बसले. उरलेल्या इमारती रविवारी. पण बरेच जण घरं विकून गेलेत. कुणी बदलापूरला, कुणी पुण्याला, आणि जाताना मामांविषयीची ती समजूत सोबत घेऊन गेलेत. त्यांची दारं मला माहीत नाहीत. त्यांच्यासाठी हे लिहिलं.